बाबांची पीएफची पेन्शन महिना २,९०० आहे, ती धरून अजून काय काय मिळू शकतं?

रानजाई (नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा भोसरीला एका छोट्या कंपनीत लेथवर होते. २००० साली लागले आणि २०२२ ला ५८ पूर्ण झाल्यावर रिटायर झाले. आता वय ६१. पीएफच्या ऑफिसातून पेन्शन सुरू झाली ती २,९०० च्या आतबाहेर. ग्रॅच्युइटी आणि पीएफ मिळून साधारण ९ लाख आले, ते तसेच बँकेत एफडीत पडून आहेत. आई ५७ ची, घरीच असते, तिला लाडकी बहीणचे १,५०० येतात. घर स्वतःचं आहे, दोन खोल्या, कर्ज नाही एवढंच सुख. मी लग्न होऊन इथेच जवळ राहते, महिन्याचे काही पैसे देते पण बाबांना ते घेताना फार जड जातं, मग औषधं एक दिवसाआड घेणं वगैरे प्रकार आमच्या लक्षात उशिरा आले.

आता मूळ अडचण. जुलैपासून बाबांची पेन्शनच बंद झाली होती आणि त्यांनी घरात कुणाला सांगितलंच नाही. हयातीचा दाखला राहिला म्हणून. म्हणजे ते गेले होते बँकेत, तीन वेळा गेले, पण मशीनवर अंगठाच उठत नाही, बावीस वर्षं लोखंड आणि कूलंटमधे हात घालून बोटांच्या रेघा पुसल्यात त्यांच्या. काउंटरवरच्या माणसाने "नंतर या" म्हणून परत पाठवलं आणि बाबा गप्प घरी आले. मला दिवाळीत पासबुक बघताना कळलं. खूप रडू आलं खरं सांगते.

तर विचारायचंय असं, की १) हा दाखल्याचा प्रश्न कसा सोडवायचा २) २,९०० हा आकडा बरोबर आहे का ३) सरकारकडून या वयात अजून काय मिळतं, कोणत्या योजना खऱ्या आणि कोणत्या नुसत्या व्हॉट्सॅपवरच्या.

जुना कामगार

ताई, आधी दाखल्याचं. अंगठ्याच्या मागे लागूच नका, आता चेहऱ्यावरून होतं. अँड्रॉइड फोनवर दोन अ‍ॅप घ्यायची, एक 'आधार फेस आरडी' आणि दुसरं 'जीवन प्रमाण'. पहिल्यांदा फोनधारक म्हणून तुमचा स्वतःचा आधार आणि चेहरा लागेल, मग बाबांचा आधार नंबर, पीपीओ (पेन्शन मंजूर झाल्याचा आदेश) नंबर, पेन्शनचं बँक खातं टाकायचं. पेन्शन देणारी संस्था निवडताना ईपीएफओच (म्हणजे पीएफचं ऑफिस) निवडा, तिथे घाईत भलतंच काहीतरी दाबलं जातं आणि दाखला दुसरीकडे जाऊन पडतो. बाबांना उजेडात, खिडकीकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा, पापणी मिटायला सांगतं ते हळूच मिटायची. झालं की प्रमाण आयडी येतो, तो लिहून ठेवा आणि दोन दिवसांनी त्याच आयडीने दाखला स्वीकारला की नाही ते बघा. नुसता तयार झाला म्हणजे पोचला असं नाही.

अजून एक, पीएफच्या पेन्शनला नोव्हेंबरचं बंधन नाही. वर्षात कधीही द्या, दिल्या तारखेपासून १२ महिने चालतो. नोव्हेंबरची गर्दी ती सरकारी पेन्शनरांची. बाबांची जुलैपासून थांबली म्हणजे मागचा दाखला जूनच्या सुमारास संपला असणार. आणि थांबलेले महिने बुडत नाहीत, दाखला लागला की थकबाकीसकट येतात, त्यामुळे जीव घाबरा करून घेऊ नका.

फोनवर जमलंच नाही तर पोस्टमनला घरी बोलवता येतं, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ती सेवा आहे.

शाळामास्तर

बाबांना माझा नमस्कार सांगा. माणसं अशी गप्प राहतात हे मी आमच्या घरी पाहिलंय. माझे सासरे सात महिने गप्प होते.

हळदीचं पान

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्या सासूबाईंचंही भांडी घासून घासून तेच झालंय, रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही. चेहऱ्याचं माहीतच नव्हतं.

जुना कामगार

आता दुसरा प्रश्न, आकडा बरोबर आहे का. मी युनियनमधे असताना हे गणित शेकड्याने कागदावर करून दिलंय, तेव्हा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

ही पेन्शन म्हणजे ईपीएस ९५, १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. मालक जो १२ टक्के पीएफ भरतो त्यातले ८.३३ टक्के इकडे वळतात, पण पूर्ण पगारावर नाही, मर्यादेपर्यंतच्या पगारावर. ती मर्यादा आधी ६,५०० होती आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. पेन्शन काढायचं सूत्र एवढंच, की पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी. २० वर्षं किंवा जास्त सेवा झाली असेल तर २ वर्षं वरून मिळतात.

गोम अशी आहे की २०१४ च्या आधीच्या वर्षांना ६,५०० चीच मर्यादा लागते, तुमचा शेवटचा पगार कितीही असो. म्हणजे बाबांची २००० ते २०१४ ही १४ वर्षं, ६,५०० गुणिले १४ भागिले ७०, झाले १,३००. पुढची ८ वर्षं, बेसिक मी १२ हजार धरतो (छोट्या कंपनीत साधारण तेवढाच दाखवतात), १२,००० गुणिले ८ भागिले ७०, झाले १,३७१. बेरीज २,६७१, वरच्या दोन वर्षांचे अजून अडीचशेच्या आसपास. आले की नाही २,९००? म्हणजे तुमचा आकडा बरोबर आहे, पीएफ ऑफिसने काही मारलेलं नाही. पगारातला बेसिक कमी दाखवून भत्ते जास्त दाखवायचे या पद्धतीने जे काय जायचं ते आधीच गेलेलं असतं, आणि ते कामगाराला ५८ व्या वर्षी कळतं. बेसिक १५ हजार असता तर अजून साडेतीनशे-चारशे आले असते.

या पेन्शनला महागाई भत्ता नाही. आज २,९०० म्हणजे वयाच्या ८० लाही २,९०० च. कमीत कमी पेन्शन १,००० आहे ती २०१४ पासून तिथेच. कोश्यारी समितीने २०१३ मधेच किमान ३,००० करा म्हणून शिफारस केली होती, त्याला आता बारा वर्षं झाली. ७,५०० आणि महागाई भत्ता द्या या मागणीसाठी आपल्या बुलढाण्याची म्हातारी माणसं किती वर्षं बसलीत उपोषणाला. हे लिहिताना अजूनही माझा आवाज चढतो, बायको म्हणते बीपीची गोळी घ्या आधी.

अक्षरवेल

जुना कामगार दादा, मधे शिरते. माझ्या भावाने चार कंपन्या बदलल्या आणि दर वेळी पीएफबरोबर पेन्शनचे पैसेही काढून घेतले, आता म्हणतात १० वर्षं भरत नाहीत. काही होऊ शकतं का? वय ५१.

जुना कामगार

काढून घेतलेली वर्षं परत येत नाहीत ताई. फॉर्म १०-सी भरून पैसे घेतले की ती सेवा तिथेच संपते. ज्यांच्याकडे अजून वेळ आहे त्यांनी पैसे न घेता स्कीम सर्टिफिकेट (झालेली वर्षं राखून ठेवणारा कागद) घ्यावं किंवा एकाच यूएएनमधे (पीएफचा कायमचा नंबर) सगळं ट्रान्सफर करून घ्यावं, १० वर्षं भरली की ५८ ला पेन्शन पक्की. भाऊ ५१ चे आहेत, शेवटच्या कंपनीतली किती वर्षं शिल्लक आहेत ते बघा, ५८ पर्यंत नोकरी चालू राहिली तर जमूनही जाईल. ५० नंतर लवकर पेन्शन घेता येते पण १० वर्षं लागतातच आणि ५८ ला जेवढी वर्षं कमी तेवढे दर वर्षी ४ टक्के कापतात, कायमचे. नड नसेल तर घेऊ नका.

मामलेदार कचेरी

मी महसूल खात्यात होतो, संजय गांधी शाखेत बरीच वर्षं काढली, आता रिटायर. रानजाई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं कटू उत्तर आधी देतो म्हणजे हेलपाटे वाचतील.

लोक सुचवतील श्रावणबाळ करा. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना, महिना १,५०० मिळतात. पण वय ६५ लागतं आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत. २१,००० वर्षाचे, म्हणजे महिन्याला १,७५०. तुमच्या वडिलांची नुसती पेन्शनच वर्षाला ३४-३५ हजार होते, म्हणजे ते ६५ चे झाले तरी बसत नाहीत. माझ्या टेबलासमोर अशी किती माणसं यायची, हजार-दोन हजाराची पेन्शन हातात, ती नसती तर योजनेत बसले असते आणि असून महिना निघत नाही. निराधार नाहीत आणि सधार पण नाहीत. मी नियमाबाहेर काही करू शकत नव्हतो, त्याचं वाईट मला आजही वाटतं. ही २१ हजाराची मर्यादा वाढवायला हवी हे माझं स्पष्ट मत आहे, अनुदान ६०० चं १,००० झालं, १,००० चं २०२३ ला १,५०० झालं, मर्यादा मात्र तशीच राहिली.

६५ च्या आतल्या निराधार, विधवा, दिव्यांग, दुर्धर आजार असलेल्यांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, तिथेही साधारण तीच मर्यादा, दिव्यांगांना थोडी सूट. दोन्हीला महाराष्ट्रात १५ वर्षं रहिवास लागतो. अर्ज सेतूत किंवा आपले सरकारवर, वयाचा पुरावा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार लागलेलं बँक खातं. मंजुरी तालुक्याच्या समितीत होते, त्यामुळे वेळ लागतो. पैसे देऊन लवकर करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर एक रुपया देऊ नका.

आईंचं लक्षात ठेवा, लाडकी बहीण ६५ पर्यंतच आहे, त्यानंतर ते १,५०० बंद. आणि केवायसी करायला सांगितलंय ते करून घ्या.

कोकणकडा

मामलेदार काका, तुमच्यासारखा माणूस आम्हाला भेटला असता तर. माझी आत्या, वय ६८, नवरा नाही मूलबाळ नाही, गावी एकटीच राहते, तिचं श्रावणबाळ मंजूर व्हायला आठ महिने लागले आणि मंजूर झाल्यावर पैसे येईनात. आम्ही तहसीलला गेलो तर ते म्हणतात इकडून पाठवलेत, बँकेत गेलो तर तिथे काही नाही, आत्या म्हणायची कुणीतरी खाल्ले. शेवटी एका भल्या मुलाने सेतूत बसून शोधून काढलं, की दोन वर्षांपूर्वी गावात एक खातं उघडायचा कॅम्प झाला होता, तिथे आत्याने अंगठा दिला होता आणि तिला ते आठवतही नव्हतं, तर आधार त्या नवीन खात्याला लागला होता आणि सगळे पैसे तिकडे जमा होत होते. सगळे मिळून साडेसात हजार निघाले. आत्या त्या दिवशी बँकेतल्या बाकावर बसून पदराने डोळे पुसत होती.

म्हणून सगळ्यांना सांगणं, थेट जमा होणारे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही, आधारला शेवटचं जे खातं जोडलंय तिथे जातात. आधारच्या वेबसाइटवर कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं, घरच्या म्हाताऱ्या माणसांचं एकदा बघून ठेवा.

मामलेदार कचेरी

कोकणकडा, अगदी बरोबर मुद्दा. आणि आत्याबाईंचा हयातीचा दाखला तहसीलला दर वर्षी द्यावा लागतो तो चुकवू नका, यादीतून नाव एकदा गेलं की परत चढवायला पहिल्यापासून सगळं.

मांडवी

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे, ६० च्या पुढच्यांना महिना २,००० मिळतात, २००१-०२ पासून चालू आहे. माझ्या आईला मिळते. तुमच्याकडे ६५ आणि वर २१ हजाराची अट वाचून वाईट वाटलं. आमच्या हांगा पण उत्पन्नाची अट आहे आणि १५ वर्षं रहिवास लागतो, हयातीचा दाखला पण दर वर्षी, पण गावातल्या बऱ्याच बायकांच्या हातात तेवढे तरी स्वतःचे पैसे असतात. फुलां, देवाची दक्षिणा, नातवाला खाऊ, कुणाकडे मागायला नको.

तिकीटवाली

मी पोस्टात अल्पबचतीचं काम करते, तेव्हा ९ लाखांबद्दल बोलते. रानजाई, बँकेच्या एफडीत किती टक्के मिळतात ते लिहिलं नाहीस, पण बाबा ६० च्या वर आहेत तर सिनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम बघच. सध्या ८.२ टक्के आहे आणि ज्या दिवशी पैसे ठेवशील तो दर पाच वर्षं बदलत नाही. व्याज दर तीन महिन्यांनी. ९ लाखांवर वर्षाचे ७३,८०० म्हणजे तिमाहीला १८,४५०, महिन्याला धरले तर सहा हजाराच्या वर. पेन्शनमधे मिळवले की नऊ हजार झाले. मर्यादा ३० लाखांपर्यंत आहे, २०२३ च्या आधी १५ होती. पोस्टात किंवा बँकेत कुठेही उघडता येतं, नवरा-बायको जोड खातं चालतं.

पण सगळेच ९ लाख तिथे घालू नका ही माझी कळकळीची विनंती. मधेच मोडलं तर वर्षाच्या आत व्याज मिळतच नाही (दिलेलं परत कापून घेतात), दुसऱ्या वर्षात दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का मुद्दलातून जातो. दवाखान्यासाठी दीड-दोन लाख मोकळे ठेवा. आणि तिमाहीचं व्याज उचललं नाही तर त्यावर पुढे व्याज चढत नाही, खूप लोक ते तसंच पडू देतात, त्यापेक्षा सरळ बचत खात्यात वळतं करून घ्या.

काही रक्कम आईच्या नावाने ठेवायची असेल तर मासिक उत्पन्न योजना, तिला वयाची अट नाही, ७.४ टक्के, दर महिन्याला व्याज. २ लाखांवर महिन्याचे बाराशे तेहतीस येतात. आईच्या हातात तिच्या नावाचे पैसे येणं ही गोष्ट मी पोस्टाच्या खिडकीतून बघितलेली आहे, बाईचा चेहराच बदलतो.

वय वंदना नावाची एलआयसीची पेन्शन योजना कुणी सुचवली तर ती ३१ मार्च २०२३ लाच बंद झालीये.

अक्षरवेल

यात टीडीएस कापतात का गं?

तिकीटवाली

ज्येष्ठांना एका बँकेत किंवा पोस्टात वर्षाचं व्याज १ लाखाच्या वर गेलं तरच, ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून, आधी ५० हजार होती. त्याच्या वर जात असेल आणि एकूण कर शून्य होत असेल तर एप्रिलमधेच कर कापू नका असं सांगणारा फॉर्म देऊन टाकायचा, प्रत्येक बँकेत वेगळा आणि दर वर्षी नवीन. रानजाईच्या बाबांना तसा प्रश्न येणार नाही.

हळदीचं पान

एफडी मोडायला बँकेत जाल तेव्हा सांभाळून. माझ्या वडिलांना रिटायर झाल्यावर एका बँकेत टेबलाशी बसवून चहा देऊन "पेन्शन प्लॅन" म्हणून विम्याची पॉलिसी विकली, दर वर्षी दोन लाख भरायचे असं दहा वर्षं, ज्या माणसाचं उत्पन्नच थांबलंय त्याला. आम्हाला कळेपर्यंत मुदत टळली होती. आता पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, तेव्हा बाबांनी कुठे सही केली असेल तर लगेच बघा. त्यांना रागावू नका मात्र. माझे वडील त्यानंतर वर्षभर बँकेत एकटे गेले नाहीत.

जुना कामगार

एक महत्त्वाचं राहिलं आणि ते कुणालाच माहीत नसतं. ताई, बाबांच्या पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) कापत होते का? जुन्या स्लिपवर बघा. रिटायर होईपर्यंत कापत असतील आणि किमान ५ वर्षं भरलं असेल तर रिटायर झाल्यावरही नवरा-बायको दोघांना ईएसआयसीची वैद्यकीय सेवा मिळते, वर्षाचे फक्त १२० रुपये भरून. हो, एकशेवीस, वर्षाचे. पगार २१ हजाराच्या आत होता ना, मग कापतच असणार. बाबांचा विमा नंबर, कंपनीचं रिटायरमेंटचं पत्र, फोटो घेऊन जवळच्या शाखा कार्यालयात जा. बीपी-शुगरच्या गोळ्या दर महिन्याला तिथून मिळतील. एक दिवसाआड गोळी घ्यायचं जे लिहिलंत ना ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

कोकणकडा

हे तर मी पहिल्यांदा ऐकतोय! आमच्या कंपनीतून दर वर्षी पाचसहा जण रिटायर होतात, निरोपसमारंभात शाल-नारळ देतात, हे कुणी सांगत नाही.

शाळामास्तर

दवाखान्याचा विषय निघालाच आहे तर, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता केशरी-पिवळ्याबरोबर पांढरं रेशनकार्डही चालतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत, मोठी ऑपरेशनं ठरवून दिलेल्या दवाखान्यात होतात. आणि बाबा ७० चे झाले की आयुष्मान वय वंदना कार्ड, त्याला उत्पन्नाची कुठलीच अट नाही, आधारवरचं वय ७० पाहिजे एवढंच. ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. माझं मी मोबाइलवरच काढलं. ही दोन्ही भरती झाल्यावरची आहेत, रोजच्या गोळ्यांना उपयोग नाही, तिथे कामगार साहेबांनी सांगितलेलं ईएसआयसीच खरं.

बाकी बारीकसारीक. एसटीत ६५ ते ७५ अर्धं तिकीट, ७५ नंतर राज्यात फुकट, आईंना तर बाई म्हणून आत्ताच अर्धं आहे. रेल्वेची सवलत मार्च २०२० ला बंद केली ती अजून आलेली नाही, ती परत सुरू झाल्याचे जे मेसेज फिरतात ते खोटे. ६५ नंतर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, कानाचं यंत्र, काठी अशा गोष्टींसाठी एकदाच ३,००० मिळतात, उत्पन्न २ लाखांच्या आत हवं, पण अर्ज सध्या घेतायत का ते समाज कल्याण कार्यालयात विचारून मगच जा.

आणि एक मास्तर म्हणून सांगतो, पीपीओ काढून त्यावरचं आईंचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून बघा. आज बघा. माझ्या एका सहकाऱ्याच्या बायकोचं पीपीओवर माहेरचं नाव राहिलं होतं, तो गेल्यावर फॅमिली पेन्शनसाठी त्या बाईंना दीड वर्ष प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागलं, दुःख करायला सुद्धा वेळ मिळाला नाही.

जुना कामगार

मास्तर, लाखमोलाचं बोललात. ईपीएसमधे नवऱ्यामागे बायकोला निम्मी पेन्शन मिळते, म्हणजे इथे साडेचौदाशेच्या आसपास. तेवढ्यासाठी तिला हेलपाटे नकोत.

अक्षरवेल

एक सावधगिरी. हयातीच्या दाखल्याच्या दिवसात फोन येतात, "पेन्शन ऑफिसातून बोलतोय, ओटीपी सांगा नाहीतर पेन्शन बंद होईल". आमच्या शेजारच्या काकांचे चाळीस हजार गेले. कुठलंच पेन्शन ऑफिस फोनवर ओटीपी मागत नाही. झालंच तर लगेच १९३० ला फोन लावायचा, पहिल्या तास-दोन तासात लावला तर पैसे अडवता येतात कधीकधी. आणि म्हाताऱ्या माणसांच्या कुठल्याही अडचणीसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, फुकट आहे.

रानजाई

दहाबारा दिवसांनी लिहितेय, माफ करा. सगळ्यांचं सगळं वहीत उतरवून घेतलं होतं, एकेक करत गेले.

दाखला झाला. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बाबांना बसवलं, दोन वेळा फसला, तिसऱ्यांदा हिरवी खूण आली. बाबा म्हणाले एवढंच होतं? आणि मग बराच वेळ हाताच्या बोटांकडे बघत बसले. स्वीकारल्याचंही दिसतंय, पैसे पुढच्या महिन्यात येतील असं हेल्पलाइनवर सांगितलं. शाळामास्तर सर, तुमचा नमस्कार सांगितला, त्यांनीही तुम्हाला सांगितलाय.

ईएसआयसी कापत होते! २०१६ ची एक स्लिप आईच्या ट्रंकेत सापडली, त्यावर विमा नंबर होता. शेवटच्या महिन्यापर्यंत कापलंय हे कंपनीच्या जुन्या क्लार्ककाकांनी फोनवर सांगितलं आणि दोन दिवसांत रिटायरमेंटचं पत्रही काढून दिलं, देव त्यांचं भलं करो. शाखेत अर्ज आणि १२० रुपये भरून आलो. तीन वर्षं गोळ्यांना महिन्याला दीड हजार घालवले त्याचं वाईट वाटतं, पण असो.

६ लाख बाबांचे सिनियर सिटिझनमधे आणि १ लाख आईच्या नावाने मासिक योजनेत ठेवतोय, २ लाख तसेच मोकळे. आईने पासबुकावर नाव बघून विचारलं, यातून मी कुणाला न विचारता काढू शकते ना? हो म्हटलं.

आणि पीपीओ बघितला. आईचं नाव चुकलंय, आधारवर जे नाव आहे त्याच्या जागी घरात हाक मारतात ते नाव लागलंय, जन्माचं वर्षही दोनने पुढे. लग्नाचा दाखला नाहीये त्यांच्याकडे, १९८४ चं लग्न, गावच्या देवळात झालेलं. पीएफ ऑफिसात दुरुस्तीचा अर्ज करायचाय, तर लग्नाच्या दाखल्याच्या जागी काय चालेल? रेशनकार्ड आणि दोघांचा जोड खात्याचा पासबुक आहे. जुना कामगार दादा, मामलेदार काका, कुणी केलंय का हे?

मामलेदार कचेरी

रानजाई, ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत लग्न झालं तिथे आताही नोंदणी होते, उशीर झाल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं, दोघांची आधार, लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार. मामा-काका कुणी हयात आहेत ना? त्यांना घेऊन एकदाच गावी जा आणि दाखला करूनच आणा, पुढे दहा ठिकाणी लागेल. गाव कोणत्या तालुक्यात ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, ग्रामसेवकाकडे कोणकोणते कागद न्यायचे ते मी लिहून देतो.

रानजाई

मोठे मामा आहेत, ७९ चे. एसटी फुकट आहे म्हणून लगेच तयार झाले. रविवारी व्यनि करते काका.